वाघिणीला बोलतं करायचं का?



रात्रीची जेवणं आटोपली असतील. कोणी भांडी घासता घासता ऐकत असाल, कोणी उद्याच्या वेचणीची झोळी शोधत असाल. दर वेळी आम्ही इथं येतो ते बचत, कर्जफेड, नोंदवही, नाही तर शेळ्यांचा विमा असलं काही तरी घेऊन. आज त्यातलं काहीच नाही. आज आमच्या गटात झालेलं एक भांडण सांगायचं आहे. भांडण पैशाचं नव्हतं. एका वाघिणीनं बोलावं की नाही, यावरून झालं होतं.

हसू नका. त्या दिवशी दोघी जणी बैठक अर्धी सोडून उठून गेल्या. आमच्या गटात तसं याआधी एकदाच झालं होतं, आणि तेव्हा तर पैशाचा हिशोब चुकला होता.

तर झालं असं. ग्रामसंघाच्या वार्षिक सभेला अहवालवाचन संपलं की करमणुकीचं काही तरी असतं. गाणी होतात, उखाणे होतात, एखादं पथनाट्य होतं. या खेपेला किशोरी मुली म्हणाल्या, ताई, आम्ही नाटक लिहितो, जादूचं लिहितो. त्यातल्या दोघी कॉलेजात जातात, बाकीच्या नववी-दहावीच्या. मोबाईलवर परी, राक्षस, उडणारे घोडे पाहून पाहून त्यांच्या डोक्यात तेच. आम्ही म्हटलं लिहा, पण परी परदेशातली आणू नका, आपल्या इथलं काही आणा. आणि मुलींनी खरंच आपल्या इथलं आणलं. त्यांनी टी-१ वाघीण आणली.

ज्यांची लग्नं अलीकडे होऊन या भागात आल्या, त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगतो. राळेगाव, पांढरकवडा, मारेगाव या पट्ट्यात २०१६ पासून वाघाच्या हल्ल्यात माणसं मरू लागली. दोन वर्षांत तेरा जणांचे बळी टी-१ या वाघिणीच्या नावावर लिहिले गेले. ते सगळे तिनंच घेतले, हे काही सिद्ध झालं नाही. काही ठिकाणी दुसऱ्या वाघाचाही संशय होता. पण तेव्हा शेतात जाणाऱ्या बाईला डीएनएचा अहवाल वाचून जाता येत नव्हतं. आम्हीही त्या दिवसांत गटाच्या बैठका दुपारीच उरकून उजेडात घरी परतायचो. ऑगस्ट २०१८ मध्ये एकाच महिन्यात तीन माणसं गेली. सप्टेंबरमध्ये आदेश निघाला, की आधी बेशुद्ध करून पकडायचा प्रयत्न करा, नाहीच जमलं तर गोळी घाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, न्यायालयानं आदेशात हात घातला नाही. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री राळेगाव तालुक्यात बोराटीजवळ तिला गोळी लागली. वसुबारस दोन दिवसांवर होती. महाराष्ट्रातल्या बऱ्याच आदिवासी भागांत त्याच दिवसाला वाघबारस म्हणतात आणि वाघदेवाला पुजतात.

त्या रात्रीनंतर काय झालं ते तुम्हाला आठवत असेल. आपल्याकडे फटाके वाजले, पेढे वाटले गेले. शहरात लोकांनी मेणबत्त्या पेटवल्या. शहरवाल्यांसाठी ती अवनी होती, आपल्यासाठी ती नुसती वाघीण होती. नावातच दोन बाजू झाल्या. केंद्रातल्या मंत्री मेनका गांधी यांनी हा खून आहे असं जाहीर म्हटलं, राज्याचे वनमंत्री सुधीर मुनगंटीवार यांना काढा अशी मागणी केली, आणि दोघे एकाच पक्षाचे. व्याघ्र प्राधिकरणाच्या चौकशीत मोहिमेनं नियम पाळले नाहीत असा ठपका आला. तिच्या दोन पिलांपैकी मादी पिल्लू डिसेंबरात पकडलं, पेंचला नेलं. मार्च २०२१ मध्ये जंगलात सोडलं, आणि थोड्याच दिवसांत तेही मेलं. सगळं मिळून हे असं प्रकरण आहे, की आजही चहाच्या टपरीवर काढलं तर दोन मित्र दोन बाकांवर जाऊन बसतात.

आणि मुलींनी यावर जादूचं नाटक लिहिलं.

त्यांचा पहिला खर्डा असा होता. मेलेली वाघीण वाघदेवाच्या दरबारात जाते. तिथं तिला वाचा फुटते. ती फिर्याद मांडते, माझं रान कोणी खाल्लं, माझी लेकरं कोणी पोरकी केली. गोळी मारणाऱ्याला शिंगं फुटतात, तो राक्षस होतो. शेवटी वाघदेव प्रसन्न होतात आणि सगळ्यांना जिवंत करतात. वाघीणही उठते, तिनं मारलेली माणसंही उठतात, आणि सगळे हातात हात घालून फेर धरतात.

खोटं कशाला सांगायचं, आम्हाला आवडलं. वाघिणीचं भाषण वाचताना त्या दहावीतल्या पोरीचा आवाज असा काही लागला, की आमच्याच डोळ्यांत पाणी आलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. आमच्याच सांगण्यावरून ते पुढच्या बैठकीत सगळ्यांसमोर वाचायचं ठरलं. कोणासमोर वाचणार आहोत, याचा विचार आम्ही केला नव्हता.

आमच्या गटात एक काकू आहेत. त्यांचा धाकटा दीर वाघानं नेला. गाव सांगत नाही, साल सांगत नाही, कारण ते घर ओळखू यावं असं आम्हाला वाटत नाही. काकू कोपऱ्यात बसून ऐकत होत्या. वाघिणीचं भाषण झालं, राक्षसाला शिंगं फुटली, मुली हसल्या. मग मेलेली माणसं उठून नाचू लागली, तेव्हा काकू म्हणाल्या, "थांबा व पोरींहो. वाघिणीले तुमी जीभ देली. चांगलं केलं. आमच्या माणसाले काय देलं? नुसतं नाचाले लावलं?"

कोणी काही बोललं नाही. मग त्या उठल्या, त्यांच्याबरोबर त्यांची जाऊही उठली, आणि दोघी निघून गेल्या.

त्यानंतर जे भांडण झालं ते तीन बैठका चाललं. काही जणी म्हणाल्या, बंद करा, असल्या ताज्या गोष्टीवर जादूची गोष्ट करूच नये, काय करायचं ते प्रकल्प अहवालासारखं सरळ लिहा. मुली म्हणाल्या, सरळ लिहिलेलं तर पेपरात रोज येत होतं, त्यानं कोणाचं कोणाशी जुळलं? आम्ही मध्ये सापडलो. पण गटाची सहयोगिनी म्हणून असेल, की कधी काळी बी.ए. केलं म्हणून असेल, आम्हाला तो प्रश्न सोडवेना. खरी माणसं मेली आहेत, खरं राजकारण झालं आहे, अजून त्याची ऊब गेलेली नाही. त्यात देव, राक्षस, बोलणारे प्राणी घालावे की नाही? आणि घालायचे तर कसे?

पहिली गोष्ट अशी, की हे काही मुलींनी मोबाईलवरून उचललेलं खूळ नाही. दिवाळीच्या पाडव्याला आपण काय करतो? बळीचं राज्य येवो म्हणतो. वामनाची तीन पावलं, एक पाऊल पृथ्वीवर, एक आकाशात, तिसरं बळीच्या डोक्यावर. ही जादूचीच गोष्ट आहे. आणि जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त तीच गोष्ट उलगडून सांगितली, की यात एका खऱ्या लढ्याची आठवण दडलेली आहे, कष्टकऱ्यांचा राजा होता आणि बाहेरून आलेल्यांनी त्याचं राज्य घेतलं. पुढं शेतकरी चळवळीनं शेतकऱ्यालाच बळीराजा म्हटलं. म्हणजे आपल्या आज्या-पणज्या राजकारण ऐकत होत्याच, फक्त ते बुटक्या बटूच्या रूपात ऐकत होत्या.

पण बळीची गोष्ट सांगताना समोर बळीची सख्खी वहिनी बसलेली नसते. काकू तर समोरच बसल्या होत्या. फरक हा आहे.

आमच्या कॉलेजातल्या मुलीनं एक परदेशी सिनेमा शोधून आणला, 'पॅन्स लॅबिरिंथ' नावाचा. आम्ही पाच जणींनी तो मोबाईलवर पाहिला, भाषा कळेना तिथं तिनं सांगितलं. काही दृश्यं फार क्रूर आहेत, तेव्हा लेकरांसोबत पाहू नका. १९४४ चं स्पेन आहे. यादवी युद्ध संपलंय, हुकूमशहाची फौज डोंगरातल्या बंडखोरांना मारत फिरते आहे. एका लहान मुलीची आई एका कप्तानाशी लग्न करते. मुलीला भुयारात एक शिंगवाला प्राणी भेटतो, तो म्हणतो तू राजकन्या आहेस. सिनेमात राक्षसही आहे, हाताच्या तळव्यात डोळे असलेला. पण आम्हाला लक्षात राहिलं ते वेगळंच. तो क्रूर कप्तान शेवटपर्यंत माणूसच राहतो. दाढी करतो, घड्याळ पुसतो, माणसं मारतो. त्याला शिंगं फुटत नाहीत. आणि त्या पोरीची जादू गेलेल्या एकालाही उठवून बंडखोरांकडं परत पाठवत नाही. मग आमच्यातली एक म्हणाली, हा सिनेमा कधीचा? २००६ चा. म्हणजे बासष्ट वर्षांनी. आपल्याला बासष्ट वर्षं थांबायचं का? तोवर आम्ही कोण आणि मुली कोण.

दुसरी वाट सत्यजित राय यांची. आणीबाणी १९७५ ते १९७७. राय यांनी १९८० मध्ये 'हीरक राजार देशे' हा बंगाली सिनेमा काढला. हिऱ्यांच्या खाणीचा राजा, शाळा बंद करणारा, लोकांची डोकी धुण्याचं यंत्र बनवून घेणारा. पाहणाऱ्यांना त्यात आणीबाणी दिसली. पण राज्य कुठलं? कुठलंच नाही. गाव खोटं, राजा खोटा, त्यामुळं कोणाच्याच घरावर बोट ठेवलं गेलं नाही. ही वाट सोपी आहे आणि चांगलीही. मुलींना आम्ही म्हटलं, तुम्हीही गावाचं नाव बदला, वाघिणीच्या जागी दुसरं काही जनावर घ्या. तर त्या म्हणाल्या, ताई, मग ते आपलं कुठं राहिलं? यवतमाळ जिल्ह्यात 'एका आटपाट नगरात' म्हणून सुरू केलं, तरी सभेतल्या शंभर बाया बोराटीच म्हणणार.

हे खरं होतं.

आता शिंगांचं सांगतो, कारण आमचं मत तिथंच फिरलं. दारूबंदीसाठी आपल्या जिल्ह्यातल्या बायांनी किती मोर्चे काढले, किती निवेदनं दिली, ते तुम्हाला माहीत आहे. शेजारच्या चंद्रपुरात २०१५ मध्ये बंदी झाली, २०२१ मध्ये उठली, आपण नुसतं पाहत राहिलो. त्या मोर्च्यांच्या काळात आम्ही एक पथनाट्य करायचो. त्यात दारूचा राक्षस होता, काळा कपडा, लाल जीभ, हातात बाटली. एका गावात प्रयोग रंगला, आणि पहिल्या रांगेत सगळ्यात जोरात टाळ्या कोण वाजवत होतं? ज्याच्या घरामागून दारू विकली जायची तोच. त्याचं काय जात होतं? राक्षस वेगळा, तो वेगळा. आम्ही गावातली दारू राक्षसाच्या अंगावर टाकली आणि माणूस सुटला.

तसंच फवारणीचं. २०१७ च्या खरिपात आपल्या जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-मजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात पडले. त्यावर कोणी विषाच्या ढगाचा राक्षस केला, तर पाहायला भारी दिसेल. पण कोणतं औषध कशात मिसळा हे कोणी सांगितलं, हातमोजे-मास्क कोणी दिले नाहीत, कपाशी डोक्याच्या वर गेलेली असताना मजूर त्यात कशाला शिरला, हे सगळे प्रश्न त्या ढगात विरून जातील. राक्षसाला कोणी जाब विचारत नाही. राक्षसाला फक्त मारायचं असतं.

रत्नाकर मतकरींचं उदाहरण आम्हाला इथं फार उपयोगी पडलं. चेटकीण कशी लिहावी हे त्यांच्याकडून शिकावं. 'अलबत्या गलबत्या'मधली चेटकीण अजून पोरांना हसवते. त्याच मतकरींनी गावातल्या दलितांवरच्या अत्याचारावर 'लोककथा ७८' लिहिलं, त्यात चेटकीण नाही. ज्याच्या हातात चेटकीण होती त्यानंच ती बाजूला ठेवली. तिथं अत्याचार करणारा माणूसच असायला हवा होता.

तेव्हा पहिलं ठरलं ते हे, की गोळी मारणाऱ्याची शिंगं काढायची. मुली थोड्या हिरमुसल्या, शिंगं त्यांनी पुठ्ठ्याची करूनही ठेवली होती. पण शिंगं काढल्यावर त्याला काही तरी बोलायला द्यावं लागलं, आणि तिथून नाटक सुधारायला लागलं. वनरक्षकाला बोलायला द्यावं लागलं. सरपणाची मोळी घेऊन येणाऱ्या बाईला द्यावं लागलं. वाघ आहे हे माहीत असून ती जंगलात कशाला गेली, हे पेपरात कोणी विचारलं नव्हतं. नाटकात वाघदेव तिला विचारतो. ती म्हणते, सिलिंडर हाय घरी, भरून आणाले पैसे नाही.

मग उरली वाघीण. तिला बोलू द्यायचं की नाही? इथं आम्ही अडलो. मुलींचा सगळा जीव त्या भाषणात होता. आणि काकूंचा प्रश्न तसाच उभा होता.

जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, ते आठवतं ना? उद्घाटनाला बोलावलेल्या लेखिका नयनतारा सहगल यांचं निमंत्रण मागं घेतलं गेलं, त्यावर मोठा गदारोळ झाला, आणि शेवटी उद्घाटन केलं वैशाली येडे यांनी. आपल्याच जिल्ह्यातल्या, आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या पत्नी. हरीश इथापे यांनी बसवलेल्या, श्याम पेठकरांनी लिहिलेल्या 'तेरवं' नाटकात त्या काम करत होत्या. त्या नाटकात शेतकऱ्यांच्या विधवाच रंगमंचावर उभ्या राहतात. त्यांच्या वतीनं बोलायला कोणी वाघीण लागत नाही, देव लागत नाही. ज्याचं दुःख त्याचंच तोंड. आम्ही मुलींना म्हटलं, तुमच्या नाटकात जीभ कोणाला द्यायची ते ठरवताना एवढं आठवा. वाघिणीचं दुःख आपण कल्पनेनं लिहितो. काकूंच्या घरचं दुःख कल्पनेनं लिहायची गरजच नाही, ते विचारलं की मिळतं. विचारलं मात्र नव्हतं.

मग आम्ही गेलो काकूंकडे. माफी मागायलाच गेलो होतो. काकू म्हणाल्या, "मले काय इचारता? त्याची माय घरात हाय. तिले इचारा." आजी ऐंशीच्या पुढच्या. ओसरीवर बसून होत्या. आम्ही भीत भीत सांगितलं, की असं असं नाटक आहे, नको म्हणाल तर फाडून टाकतो. आजी म्हणाल्या, "आधी वाचून त दाखवा."

दोन मुलींनी ओसरीवरच वाचलं. तोवर नवा खर्डा झाला होता. त्यात दरबार नाही. शिवेवरचा शेंदूर लावलेला वाघदेव आहे, तो रात्री जागा होतो आणि रस्त्यानं जाणाऱ्या-येणाऱ्याला थांबवतो. वाघीण येते, पण बोलत नाही. नुसती उभी राहते, मागं दोन पिलं. वाघदेव तिला विचारतो आणि ती गप्प. हे त्या दहावीतल्या मुलीनंच सुचवलं, स्वतःचं भाषण स्वतःच काढलं. तेरा हा आकडा आहे तसा ठेवला. तारीख आहे तशी ठेवली. मेलेलं कोणी उठत नाही.

मोहिमेचा भाग आला. वाघिणीला पकडायला हत्ती आणले, त्यातला एक सुटला आणि त्यानं एका बाईचा जीव घेतला. आकाशात पॅराग्लायडर उडवले. अंगाची ऊब टिपणारे ड्रोन आणले. इटलीच्या जातीचे कुत्रे आणले. आणि वाघिणीला भुलवायला विलायती अत्तर आणलं, पुरुषांनी लावायचं, कॅल्विन क्लाइन कंपनीचं. मांजरांच्या जातीला त्या वासाची ओढ असते म्हणतात.

आजी इथं हसायला लागल्या. दात नाहीत, पदर तोंडाला लावून हसत होत्या. म्हणाल्या, "वाघदेव बोलते हे खरं हाय, म्या लहानपणी आयकलं. पण वाघिणीले अत्तर? हे त तुमी बनवलं व पोरींहो. इतकं खोटं नोका लिहू, लोकं हासतीन."

आता काय सांगायचं? सगळ्या नाटकात मुलींनी न बनवलेलं असं तेवढंच होतं. हत्ती, अत्तर, कुत्रे, सगळं ऑक्टोबर २०१८ च्या पेपरात आलेलं. आम्ही सांगितलं, आजी, ते खरं आहे. त्यांचा विश्वास बसेना. तसा आमचा तरी कुठं बसला होता? टिपेश्वरचा वाघ गळ्यात पट्टा घेऊन २०१९ मध्ये बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत तेराशे किलोमीटर चालत गेला, हेही आम्ही मुलींना लिहू नका म्हटलं होतं, अतिशयोक्ती वाटेल म्हणून. आपल्या जिल्ह्यात जादूचं लिहायचं म्हणजे ही पंचाईत. खरं तेच खोटं वाटतं.

पण आजी हसल्या, आणि काकूही हसल्या, आणि ओसरीवरची हवा जरा मोकळी झाली.

आमचं अजूनही सगळ्या बाबतीत एकमत नाही. बैठकीतून उठून गेलेली काकूंची जाऊ अजून म्हणते, नाटकाच्या दिवशी मी येणार नाही. तिला आम्ही आग्रह केला नाही, करणारही नाही. तिला नको असेल तर ते तिचं खरं आहे. कॉलेजातली मुलगी म्हणते, वाघीण गप्प ठेवली हे चुकलं, शहरातले लोक बोलले, मंत्री बोलले, ती एकटीच बोलली नाही, निदान गोष्टीत तरी. तिचंही म्हणणं आम्हाला पूर्ण चुकीचं वाटत नाही. आम्ही तिला म्हटलं, ती गोष्ट तू वेगळी लिही, कथा म्हणून. सभेत करू नको, पण लिही.

तुमच्यापैकी काही गट निम्न पैनगंगेच्या धरणावर नाटक करायचं म्हणत होते. नदीला देवी करून बोलतं करायचं, असं कळलं. करा. पण बुडीत गावातल्या बायांना वाचून दाखवा, आणि ज्यांच्या शेताला पाणी हवं आहे त्यांनाही दाखवा. दोन्हीकडच्या बाया एकाच प्रभागसंघात बसतात. देवी कोणाच्या बाजूनं बोलते हे ठरवायच्या आधी त्या दोघींना बोलतं करा, मग पाहा देवीला काय बोलायचं उरतं ते.

ओसरीवरचं वाचन संपत आलं. शेवटचा प्रवेश आम्ही काकूंच्याच बोलण्यावरून घातला होता. माणूस बैल घेऊन शेतात गेलेला. संध्याकाळ होते. बैल एकटेच घरी येतात, जू तसंच मानेवर. घरची बाई दारात उभी आहे, बैलांकडे पाहते, त्यांच्या मागं रस्त्याकडे पाहते. वाघदेव तिला थांबवत नाही, काही विचारत नाही. बस, तेवढंच. त्यात जादू नाही.

वाचणारी मुलगी थांबली. आजींनी बराच वेळ काही म्हटलं नाही. मग विचारलं, "बैल कोन्त्या रंगाचे लिवले व?"

मुलीनं वहीत पाहिलं. "पांढरे, आजी. दोन्ही पांढरे."

"एक पांढरा होता. दुसरा तांबडा. शिंगाले निळा रंग होता, पोयाचा. पावसानं गेला नोयता अजून."

मुलीनं पेन काढला आणि तिथंच बसून दुरुस्त केलं.